१९७० ची डॉज चॅलेंजर, १/२५ : टॉप बनाना रंग, जळगावचा मे महिना आणि इतर भानगडी

केळीचं खोड | १२ मे, रात्री १०:४०

मंडळी, दीड वर्ष कपाटात पडलेलं मॉडेलचं किट अखेर उघडलं. १९७० ची डॉज चॅलेंजर आर/टी, १/२५ मापाची, ४४० सिक्स पॅक इंजिनवाली. खऱ्या गाडीत ७.२ लिटरचं व्ही-८, त्यावर ओळीने तीन कार्ब्युरेटर, कागदोपत्री ३९० हॉर्सपॉवर. आपल्या जुन्या अँबेसिडरचं इंजिन १४८९ सीसीचं होतं. म्हणजे जवळजवळ पाच अँबेसिडर एका बॉनेटखाली कोंबल्या म्हणा.

रंग ठरवायला दोन मिनिटं पुरली. त्या वर्षी डॉजने रंगांना काय एकेक नावं दिली होती! प्लम क्रेझी, गो मँगो, सबलाइम आणि टॉप बनाना. रावेर तालुक्यात केळीची बाग असलेल्या माणसाने टॉप बनाना सोडून दुसरा रंग लावला तर घरात घेतील का?

तर झालं असं. ऑटो पेंटच्या दुकानातून पिवळा मिसळून आणला, थिनर दुकानदाराने जे दिलं ते घेतलं. काल संध्याकाळी खोलीत बसून एअरब्रशने मारला. सकाळी बघतो तर बॉनेटवर सुकलेल्या तळ्यासारख्या बारीक भेगा, आणि छतावर पांढरट धुरकट पडदा. बॉनेट मी प्रायमर न लावताच रंगवलं होतं हे कबूल, प्रायमर संपला होता. पण छताचं कोडं सुटत नाही. तो पांढरटपणा दमट हवेने येतो असं सगळीकडं वाचलं. मे महिन्यात जळगावात दमट हवा? काल ४४ होतं!

---

खान्देशी ठसका | १२ मे, रात्री १०:५८

पिवळी बॉडी, वरून काळा पट्टा मारणार ना? भाऊ, हाई ते आपली चोपडा रोडनी काळीपिवळी शे! टपावर कॅरिअर लाव, मागे चार जण लटकव, काम खल्लास.

---

जुना टर्नर | १३ मे, सकाळी ६:१२

कूलर चालू होता का?

---

केळीचं खोड | १३ मे, सकाळी ७:३०

होता की काका. ४४ अंशात कूलरशिवाय कोण बसेल?

---

जुना टर्नर | १३ मे, सकाळी ८:०५

मग कोडं कसलं. पाण्याचा कूलर गार करतो तो हवेत पाणी सोडूनच. बंद खोलीत तासभर चालला की बाहेर कितीही कोरडं असो, आत पावसाळा. लॅकरचं थिनर भराभर उडतं, उडताना पत्र्याची, म्हणजे तुमच्या प्लास्टिकची, उष्णता घेऊन जातं. पृष्ठभाग गार पडला की खोलीतलं बाष्प त्यावर बसतं आणि ओल्या रंगात अडकतं. तोच पांढरा पडदा. आम्ही भुसावळला वर्कशॉपात पावसाळ्यात हेच बघायचो, तुम्ही मेमध्ये करून दाखवलंत.

नुसता कूलर बंद करून भागणार नाही. दुपारी ४३-४४ मध्ये मारलात तर रंग गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळेल आणि भुकटी होऊन बसेल. हात फिरवला की खरखर. त्यामुळे पहाटे साडेपाचला उठा, कूलर रात्रीच बंद करून खिडक्या उघड्या ठेवा, आणि थिनरमध्ये थोडं रिटार्डर (थिनर उडणं लांबवणारं), नाहीतर सावकाश उडणारं थिनर मागा. दुकानदार देईल, उन्हाळ्यात गॅरेजवालेही तेच वापरतात.

छत वाचेल. आज हात लावू नका. उद्या पहाटे नुसत्या स्लो थिनरची अगदी हलकी फवारणी करा, लांबून. वरचा थर परत मऊ झाला की अडकलेलं पाणी निघून जातं. बॉनेट मात्र गेलं. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन आहे, गाडीच्या रंगाचं एनसी थिनर त्याला सरळ खातं. मध्ये प्रायमर असता तर वाचलं असतं. आणि प्रायमरही एकदम ओला नाही, दोन-तीन धुक्यासारखे थर आधी.

पुढच्या वेळी आधी चमच्यावर मारून बघा. लग्नातले पांढरे, मोडताना कट्कन आवाज करणारे चमचे बहुतेक पॉलिस्टायरीनचेच असतात.

---

खान्देशी ठसका | १३ मे, सकाळी ८:२०

काका, हे दोन वर्षांआधी सांगितलं असतं तर माझी मस्टँग वाचली असती. मी पत्र्यावर आईच्या कुरडयांशेजारी रंग वाळायला ठेवली होती. दुपारी दोनला वर गेलो तर कुरडया झकास वाळल्या होत्या आणि मस्टँगचं छत सीटवर टेकलं होतं. आई म्हणे, ही तळायची का?

---

नवशिका ०७ | १३ मे, दुपारी १:१५

दादा १/२५ म्हणजे काय? माझ्याकडे १/२४ ची आहे, दोन्ही शेजारी ठेवता येतील का?

---

थंडीतला अमळनेरकर | १३ मे, दुपारी ३:४४

मिशिगनहून राम राम. नवशिका, खरी चॅलेंजर दोन चाकांच्या आसांत ११० इंच, म्हणजे २७९४ मिमी. २५ ने भागलंस तर ११२ मिमीला किंचित कमी, २४ ने भागलंस तर ११६ च्या वर. साडेचार मिमीहून जरा जास्त फरक. एका फळीवर ठेवलेल्या चालतील, पण एकीचं इंजिन दुसरीत टाकायला जाऊ नकोस.

२४ का, तर अर्धा इंच म्हणजे एक फूट, फूटपट्टीवाल्यांना सोयीचं. २५ अमेरिकन कंपन्यांनी लावून धरलं. इथं शोरूमवाल्यांना नव्या मॉडेलच्या छोट्या प्रतिकृती वाटायला दिल्या जात, त्या १/२५ च्या असत. एएमटी ही किटवाली कंपनी त्याच धंद्यातून किटमध्ये आली आणि माप तेच राहिलं.

आता खोडभाऊ, तुमच्याकडे वळतो. फोटोतली मागची लाल पट्टी बघितली. १९७० च्या चॅलेंजरला मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिवा असतो आणि मधोमध रिव्हर्सचा पांढरा. दोन वेगळे दिवे आले की ती १९७१ ची झाली. ग्रिलचंही तेच, ७० ला एकच तोंड, ७१ ला दोन भाग. तुमच्या किटमध्ये दोन्ही जाळ्या दिसतायत. चुकीची लावू नका, नाहीतर मी तिकडं येऊन काढीन.

आणि टॉप बनाना म्हणजे पिकलेल्या केळ्याचा पिवळा नव्हे हो. तो लिंबाकडं झुकणारा, थोडा हिरवट. प्लिमथवाले हाच रंग लेमन ट्विस्ट नावाने विकायचे, त्यांचं नाव जास्त प्रामाणिक. तुमचा पिवळा केशरीकडं गेलाय, शाळेच्या बससारखा.

---

केळीचं खोड | १३ मे, रात्री ९:०२

अमळनेरकर, यात माझी चूक कशी? रावेरच्या माणसाने पिवळं केळं बघितलंय कधी? आम्ही हिरवा घड कापतो, हिरवा ट्रकात भरतो. पिवळा होतो तो दिल्लीच्या रायपनिंग चेंबरमध्ये. दुकानदाराला मी शेजारच्या गाडीवरचं केळं नमुना म्हणून दाखवलं होतं!

---

खान्देशी ठसका | १३ मे, रात्री ९:१०

त्यापेक्षा प्लम क्रेझी मारायचा. मस्त वांगी कलर.

---

सोनपावली | १३ मे, रात्री ९:३१

वांगी कलर म्हणे! धुळ्याचे ना तुम्ही? भरिताचं वांगं हिरवं असतं. जळगावात जांभळ्या वांग्याचं भरीत केलं तर पाहुणे उठून जातात. भरिताची गाडी हवी तर सबलाइम.

---

थंडीतला अमळनेरकर | १३ मे, रात्री ९:५०

प्लम क्रेझीवर, म्हणजे एफसी-७ कोडच्या रंगावर, इथं माणसं भांडतात, पण वांग्यावरून भांडण पहिल्यांदाच ऐकलं. आता भरीत-पुरी डोळ्यांसमोर आलीय. काय राव.

---

केळीचं खोड | २१ मे, सकाळी ९:१५

अपडेट. बॉनेट ब्रेक ऑइलमध्ये दोन रात्री बुडवून ठेवलं, जुन्या टूथब्रशने घासल्यावर रंग साय निघावी तसा निघाला. भेगा प्लास्टिकमध्ये उतरल्या होत्या, त्या ४०० च्या पेपरने घासून, मग पुटी, मग ८०० आणि १२०० पाणी लावून. आठवडा त्यातच गेला. छत काकांच्या युक्तीने साफ झालं होतं, पण रंगाची छटाच बदलायची म्हटल्यावर सगळी बॉडी पांढऱ्या प्रायमरवर नव्याने घेतली. राखाडी प्रायमरवर पिवळा मळकट दिसतो, हे फुकटात शिकलो. पिवळ्यात दोन थेंब हिरवा, थोडा पांढरा. पहाटे ५:४० ला मारला, कूलर बंद, बायको वैतागलेली. फोटो बघा. आता बोला, शाळेची बस का?

---

थंडीतला अमळनेरकर | २१ मे, सायंकाळी ५:२०

नाही बोलत. झकास आहे.

---

जुना टर्नर | २१ मे, सायंकाळी ६:००

चांगला बसलाय. ब्रेक ऑइल गटारात ओतू नका, झाकणाच्या बाटलीत भरून ठेवा, पुढच्या चुकीला कामी येईल. हातमोजे घातले होते का ते विचारत नाही. बंपरचा क्रोम काढायचा असेल तर साधं लिक्विड ब्लीच पुरतं. मात्र त्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो. आणि वरून दोन भागांचं टू-के क्लिअर मारणार असाल तर साध्या कापडी मास्कवर भागत नाही. त्यातलं हार्डनर फुफ्फुसाला वाईट. गच्चीवर, वाऱ्याला पाठ करून, केमिकलचा फिल्टर असलेला मास्क लावून मारा, नाहीतर मारू नका.

---

केळीचं खोड | २८ मे, रात्री ११:३०

क्लिअर साधंच मारलं काका. आता इंजिन. ४४० सिक्स पॅकचा ब्लॉक भडक नारिंगी, तो सोपा. पण किटमध्ये प्लगच्या वायरी नसतात आणि वायरींशिवाय इंजिन म्हणजे जटा नसलेलं नारळ. खऱ्या वायरी ७-८ मिमी जाड, २५ ने भागल्यावर साधारण ०.३ मिमी. असली बारीक वायर आणायची कुठून?

---

सोनपावली | २९ मे, सकाळी १०:१०

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून. तुमच्या शेतात पंप जळत नाही का कधी? ३० नंबरची वाइंडिंग तार मागा, ०.३१५ मिमी भरते. वाकवली की तशीच राहते, रबरासारखी परत सरळ होत नाही. वरून पातळ काळा रंग.

भोकं पाडायला सराफ बाजारात या. आमच्याकडे हातात फिरवायचं छोटं ड्रिल असतं, ०.३५ ची पातीसुद्धा मिळते. दोन-चार जास्तीच्या घ्या, मोडतातच. खिडक्यांच्या क्रोम पट्ट्यांसाठी वर्ख वापरू नका बरं का, कुणीतरी सांगेल. फुंकरीने फाटतो. चॉकलेटची पन्नी पाठीमागे पातळ गोंद लावून बसवा, लाकडी काडीने दाबा आणि नवीन ब्लेडने काठ कापा. दर चार काप झाले की ब्लेड बदला.

---

थंडीतला अमळनेरकर | २९ मे, दुपारी २:४०

वायरी लावताय तर बरोबर लावा. ४४० चा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगना वीज वाटणारा डबा, पुढे असतो, शेवरलेसारखा मागे नाही. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. ड्रायव्हरकडच्या बाजूला, म्हणजे तिथल्या डावीकडं, विषम सिलिंडर, पलीकडं सम.

---

केळीचं खोड | ३ जून, रात्री १२:०५

डिस्ट्रिब्यूटरची टोपी १/२५ मध्ये ४ मिमीची. त्यात नऊ भोकं. आठ प्लगची, मधलं कॉइलचं. सोनपावलीताईंकडून आणलेल्या तीन पाती मोडल्या, एक अजून टोपीतच आहे. चौथीने जमलं, ते कसं सांगतो. आधी सुईने खूण, मग ड्रिल बोटांत दाबायचं नाही, नुसतं त्याच्या वजनावर फिरू द्यायचं. तांदळाच्या कणीएवढा पांढरा भुसा वर येतो, तो फुंकायचा, परत दोन फेरे. एका भोकाला वीस मिनिटं. सातव्या भोकाला श्वास रोखून धरला होता तेव्हाच दारात मांजर ओरडलं.

वायरी १-८-४-३ अशाच गेल्यात. बॉनेट बंद केल्यावर कुणालाही दिसणार नाही. मला माहिती आहे, बस्स.

आता खरा प्रश्न. मागची चाकं रुंद करायची आहेत, बाजूने बघितलं की गाडी मागे बसलेली दिसली पाहिजे. १५ इंची रिम १/२५ मध्ये १५.२४ मिमी. आणि आपल्या ठिबकची लॅटरल नळी १६ मिमीची! शेतातला तुकडा आणून रिंगा कापल्या, रिमवर जवळजवळ बसतात. पण चिकटत नाहीत. मॉडेल सिमेंट लावून बघितलं, फेव्हिक्विक लावून बघितलं, नखाने ढकललं की सुटतात. पीव्हीसी पाइपचं सोल्युशन चालेल का?

---

जुना टर्नर | ३ जून, सकाळी ६:२०

नको! पीव्हीसीचं सोल्युशन रिमच विरघळवेल. आणि लॅटरल पीव्हीसीची नसतेच, पॉलिएथिलीनची असते. मेणासारखी, तिला काहीच धरत नाही. चिकटवायचीच कशाला पण? शेतात लॅटरल जॉइनरवर चढत नाही तेव्हा काय करता?

---

केळीचं खोड | ३ जून, सकाळी ६:३५

गरम पाण्यात बुडवतो. मऊ झाली की चढवतो, गार झाल्यावर आवळते.

काका, तुम्ही फार वाईट माणूस आहात. दहा वर्षं हे काम करतोय मी.

---

खान्देशी ठसका | ३ जून, सकाळी ७:००

ठिबकवर चालणारी चॅलेंजर. सबसिडी मिळी का भो?

---

केळीचं खोड | ११ जून, रात्री ९:४५

गाडी उभी राहिली. लॅटरलच्या रिंगा चांदीच्या रंगात रंगवल्या नाहीत, रंग टिकलाच नसता. तशाच काळ्या ठेवल्या, टायरच्या आत जातात. बाजूचा लांब काळा पट्टा डेकलऐवजी मास्किंग करून मारला. पुढचं टोक जरा उंच बसत होतं, आसाची खुंटी कानसने अर्धा मिमी घासून खाली घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्या आप्पांनी वीस वर्षं काळीपिवळी चालवली. जळगाव, विदगाव, धानोरा, अडावद, चोपडा. ठसक्याने पहिल्याच दिवशी टोमणा मारला तेव्हा मी हसलो, पण सांगितलं नाही. आप्पा गेले महिनाभर माझ्या खोलीच्या दारातून नुसते डोकावून जायचे. आज आत आले, चष्मा लावला, गाडी उचलली. मला वाटलं बॉनेट उघडतील. माझ्या नऊ वायरी! तर ते बॉनेटकडं बघेनात. गाडी उलटी केली, नखाने मागच्या स्प्रिंगचे पाटे मोजले आणि परत टेबलावर ठेवली.

"पाटे कमी आहेत. लोड घेणार नाही."

एवढं बोलून जेवायला गेले.

---

थंडीतला अमळनेरकर | ११ जून, रात्री १०:२०

खोडभाऊ, आप्पांच्या पाया पडा. किट बनवणाऱ्याने दोन्ही बाजूंना सारखे पाटे दिलेत. खऱ्या ४४० आणि हेमी (दुसरं दांडगं इंजिन) वाल्या गाड्यांना मागे उजव्या बाजूला जादा अर्धे पाटे असत. एवढी ताकद एकदम सोडली की आस पिळला जातो आणि उजवं चाक हलकं होऊन जागेवर फिरतं, म्हणून. मी इतके फोटो बघितले तुमचे, माझ्या लक्षात आलं नाही.

---

केळीचं खोड | १२ जून, सकाळी ८:१०

सकाळी चहाच्या वेळी आप्पांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उजवीकडं? आमचा कायम डावा पाटा बसायचा. दारात लटकणारे सगळे डावीकडंच." थोड्या वेळाने परत आले आणि विचारलं, "अर्धा पाटा म्हणजे पुढच्या बाजूचा अर्धा का मागच्या?"

---

थंडीतला अमळनेरकर | १२ जून, सकाळी ८:४५

पुढच्या. आसाच्या पुढे. आप्पांना माझा नमस्कार सांगा.

---

केळीचं खोड | १२ जून, सकाळी ९:०५

उजवीकडं दोन जोडतोय मग. पाट्याची जाडी १/२५ मध्ये पाव मिमी येते. एवढी पातळ प्लास्टिक शीट जळगावात कुठं मिळेल?

---

सोनपावली | १२ जून, सकाळी ९:२०

शीट कशाला? घरात लग्नपत्रिका पडल्या असतील. बारीक पट्टी कापा, फेव्हिक्विक पाजा, वाळली की कानस लागते इतकी कडक होते. वाकवायची मात्र आधीच. कमान किती ते आप्पांना विचारा.